सान तेल्मोच्या वतीने तीन मिनिटं

उत्तरेकडचं वारं तिसऱ्या दिवशी दुपारी पडलं तेव्हा रोसेंदा मागच्या खोलीतल्या टेबलावर उभी होती. शेजारी तिची मुलगी नेरेदा, आणि नेरेदाच्या छातीशी तिची सात महिन्यांची लेक. सकाळपासून दोघी तशाच उभ्या होत्या. टेबलाखाली पाणी होतं, पाण्यात तांदळाचा डबा, एक चप्पल आणि शेजाऱ्यांची मेलेली कोंबडी फिरत होती. रोसेंदाचा नवरा इलारियो दाराशी कमरेभर पाण्यात उभा होता. त्यानं दाराला उजवा खांदा लावला होता. दार गेलं असतं तर लाट सरळ टेबलापर्यंत आली असती.

पाणी उतरायला लागलं तशी रोसेंदा म्हणाली, "सोडा आता दार."

"सोडतो," तो म्हणाला, पण त्याला ते सोडता येईना. खांदा आखडून गेला होता. शेवटी तिनं खाली उतरून त्याची बोटं एकेक करून दारापासून सोडवली.

पुढची खोली गेली होती. चूल गेली होती, आणि चुलीशेजारचा माडही. मागच्या वर्षी त्यांच्या घरापुढे दोन घरं होती. आता त्यांच्या घरापुढे समुद्र होता.

सान तेल्मो हे गाव एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर होतं. तबास्को प्रांताच्या त्या किनाऱ्यावर तेव्हा त्रेसष्ट घरं होती. वादळानंतर बावन्न राहिली. गावाचं पोट समुद्रावर नव्हतं, मागच्या खाडीवर होतं. पुरुष खाडीतून कालवं काढायचे, बायका शेडमध्ये बसून ती फोडायच्या. रोसेंदा फोडणाऱ्या बायकांची मुकादम होती. बोटात सुरीचे वार इतके बसले होते की डाव्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या.

वारं पडल्याच्या दुसऱ्या दिवशी इलारियो खाडीत गेला. होडी त्याची आणि एरास्मोची मिळून होती. तीस वर्षं दोघं एकाच होडीत उभे राहत आले होते, एक पुढे, एक मागे. कालवं काढायचा चिमटा म्हणजे दोन लांब दांडे आणि टोकाला लोखंडी दात. दांडे पाण्यात सोडायचे, तळाशी दात रुतवायचे, दांडे मिटायचे आणि भरलेला चिमटा वर ओढायचा. सगळा भार खांद्यावर. इलारियोनं पहिला चिमटा अर्ध्यावर आणला आणि हात सुटला. दांडे परत पाण्यात गेले.

एरास्मो बघत होता. "झोपेत आहेस का अजून?"

"ओलं आहे लाकूड."

"तीस वर्षं ओलंच आहे ते." पण एरास्मोनं पुढे काही विचारलं नाही. त्यानं आपला चिमटा भरून ओढला. दातांत कालवं कमी आणि वाळू जास्त होती. समुद्र पट्टीवरून खाडीत उतरला होता आणि कालवांच्या खडकावर वाळूचा थर बसला होता. दुपारपर्यंत दोघांनी मिळून दीड पोतं काढलं. पूर्वी तेवढं एरास्मो एकटा न्याहारीआधी काढायचा.

घरी आल्यावर इलारियो पोझोलचा, मक्याच्या आंबट पेजेचा, वाडगा डाव्या हातानं प्यायला. रोसेंदानं ते पाहिलं. रात्रीच्या आत तिनं नारळाचं तेल गरम करून खांदा चोळून दिला. तो म्हणाला, "चार दिवसांत होईल ठीक." खांदा काही ठीक झाला नाही.

जानेवारीत शाळेत गावाची सभा भरली. किनाऱ्यावरच्या गावांसाठी काम करणाऱ्या संस्थेची आब्रिल आली होती. ही राजधानीतली वकील मुलगी, बत्तीस-तेहतीस वर्षांची. दोन वर्षं ती येत होती. पहिल्यांदा आली तेव्हा उंच टाचांचे बूट घालून वाळूत रुतली होती, आणि बायका महिनाभर हसल्या होत्या. आता ती अनवाणी यायची. किनाऱ्यावर तिनं खांब रोवले होते, आणि दर महिन्याला समुद्र किती आत आला ते शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घ्यायची.

ती सांगू लागली. देशाचा हवामानाचा आराखडा नव्यानं लिहायला घेतला आहे. त्यासाठी परिषद आहे. सरकारची खाती आहेत, विद्यापीठाची माणसं आहेत, आणि संस्थांना मिळून तीन जागा आहेत. "आम्हाला तिथं मत नाही," आब्रिल म्हणाली, "पण बोलता येतं. आणि आम्ही भांडून एक गोष्ट मिळवली आहे. फेब्रुवारीत सुनावणी आहे, तिथं गावांतली माणसं स्वतः बोलतील. प्रत्येकी तीन मिनिटं."

"बोलायचं पण मत द्यायचं नाही," एरास्मो मागून म्हणाला. "म्हणजे वऱ्हाडी. जेवा, नाचा, नवरी दुसऱ्याची."

लोक हसले. आब्रिलही हसली. "तसंच आहे," ती म्हणाली. "पण वऱ्हाडातच नाही गेलं, तर गाव आहे हेसुद्धा कोणाला कळणार नाही."

काय मागायचं यावर दोन तास गेले. इलारियो सहसा सभेत बोलत नसे. त्या दिवशी उठला. "दगड मागा," तो म्हणाला. "चारशे पावलं लांब दगडी बांध. बंदरापाशी घातलाय ना तेलकंपनीवाल्यांसाठी, तसाच. आम्ही कुठं जाणार नाही. माझी आई इथं पुरलीय. कालवं इथं आहेत. आम्हाला दगड द्या, बाकी आमचं आम्ही बघू."

सगळ्यांनी हात वर केले. मास्तरांनी कागदावर लिहिलं. बांध, पडलेले विजेचे खांब, शाळेची भिंत. कोण जाणार म्हटल्यावर एरास्मोची बायको ओदिलिया म्हणाली, "रोसेंदाला पाठवा. ती व्यापाऱ्याशी भांडताना आम्ही ऐकलंय. मंत्र्याला घाबरायची नाही." ओदिलियानंच स्वतःची निळी शाल तिला दिली. "वर थंडी असते म्हणतात. आणि घाण करून आणू नकोस."

बस सतरा तासांनी पोचली. राजधानीत रोसेंदाचं डोकं दुखायला लागलं, इतक्या उंचावर ती कधी गेली नव्हती. सुनावणीच्या सकाळी आब्रिल तिला एका खानावळीत घेऊन गेली. दोघींनी कॉफी मागवली. रोसेंदा मास्तरांचा कागद पुन्हा पुन्हा म्हणत होती, पाठ झाला होता.

आब्रिलनं कप खाली ठेवला. "मावशी, एक सांगायचंय. आधी सांगायला हवं होतं, पण मलाच काल कळलं. बांध होणार नाही."

"कोण म्हणालं?"

"खात्याच्या इंजिनियरांनी लिहून ठेवलंय. तुमच्याकडे दगड टाकले तर पलीकडच्या गावाची वाळू जाते म्हणतात. खरंही असेल. तुम्ही बांध मागितलात तर ते ‘विचार करू’ असं लिहितील आणि विषय संपेल."

"मग मी इथं कशाला आले?"

आब्रिलनं कप बाजूला सरकवला. "आराखड्यात एक नवा भाग येतोय. समुद्रामुळे ज्यांना गाव सोडावं लागेल त्यांच्यासाठी. आजवर असं काही नव्हतंच आपल्याकडे. आम्ही तीन वर्षं त्याच्या मागे लागलोय. तिथं पहिलं नाव कोणाचं घालायचं ते ठरलेलं नाही. जमीन आणि घरं मागितली तर मिळू शकतात. दगड मागितले तर नाही. मी तुम्हाला काय बोला ते सांगत नाहीये. गावानं ठरवलंय ते गावानं ठरवलंय. मला माहीत आहे तेवढं सांगतेय."

"गावाला फोन लावता येईल?"

आब्रिलनं मास्तरांना लावला, गावप्रमुखाला लावला. सान तेल्मोत नोव्हेंबरपासून वीज नव्हती, लोक आठवड्यातून एकदा बाजारात जाऊन फोन चार्ज करून आणायचे. कोणाचाच लागला नाही.

"तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" रोसेंदानं विचारलं.

"मी तुमच्या जागी नाहीये, मावशी," आब्रिल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. रोसेंदाला त्याचा राग आला. आपण रडत नाही आणि ही कशाला रडतेय, असं तिला वाटलं.

सभागृहात गालिचा होता. टेबलावर तिच्या नावाची पाटी होती, तिच्यावर ‘रोसाल्बा’ लिहिलं होतं. तिनं बोटानं दाखवलं, तिथल्या मुलीनं माफी मागितली आणि पाटी उलटी करून ठेवली. मग तिच्यापुढे नाव नसलेली पाटी राहिली. तिच्या आधी दक्षिणेकडचा एक मधमाश्या पाळणारा बोलला. त्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच लाल दिवा लागला आणि त्याचा आवाज बंद झाला. तोंड हलत राहिलं.

मग ती. कागद पुढ्यात होता. तिनं गावाचं नाव सांगितलं, घरं किती होती, किती राहिली ते सांगितलं. पुढे कागदावर बांध होता. पण तिला टेबल आठवलं. पाय गारठलेले, नेरेदाचं अंग कापतंय, आणि त्या लेकराचं डोकं तिच्या हनुवटीखाली. मूल सकाळभर रडून रडून शेवटी गप्प झालं, तेव्हा रोसेंदाला भीती वाटली होती की ते गेलं. तिनं त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं होतं. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. तिथं त्या गालिच्यावरच्या माणसांना सांगितलं.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या अध्यक्षानं मान हलवली. "बाई, वेळ संपत आलाय. तुमची मागणी काय आहे?"

"आम्हाला दुसरीकडे जमीन द्या," रोसेंदा म्हणाली. "आम्हाला तिथून निघायचंय."

दिवा लाल झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं येऊन तिचा हात दाबला. रोसेंदानं कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि घडी घालता येईना इतका तो लहान होईपर्यंत घालत राहिली.

ती परत आली तेव्हा धक्क्यावर इलारियो होडी घेऊन उभा होता. एकटाच होता. तिची पिशवी त्यानं डाव्या हातानं उचलली. खाडीचं पाणी शांत होतं, कांदळवनाच्या कडेनं बगळे बसले होते. तो वल्हवत होता आणि प्रत्येक वल्ह्याला दात आवळत होता.

"मास्तरांनी आणलं होतं ते," तो म्हणाला. "तुझं बोलणं. बाजारातून उतरवून आणलं. शाळेच्या भिंतीवर दाखवलं, जनरेटर लावून. सगळे होते."

तिनं शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"आवाज चांगला आला तुझा," तो म्हणाला. बाकी काही म्हणाला नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षातही नाही.

ती निळी शाल परत द्यायला गेली. ओदिलियानं ती घेतली, झटकली, आणि दोरीवर टाकली, धुवायच्या कपड्यांत. "आमच्या तोंडात तुझे शब्द घातलेस," ती म्हणाली. "मी घरात झोपले होते तेव्हा माझं घर दिलंस तू."

"बांध होणार नव्हता, ओदिलिया. लिहून ठेवलं होतं त्यांनी."

"मग त्यांना म्हणू द्यायचं होतं. तू का म्हणालीस?"

याचं उत्तर रोसेंदानं पुढे पुष्कळ शोधलं.

मे महिन्यात आब्रिल छापलेला आराखडा घेऊन आली. जाड पुस्तक, कव्हरवर समुद्र. त्र्याऐंशीव्या पानावर सान तेल्मोचं नाव होतं. ती खरोखर आनंदात होती. म्हणाली, "देशात पहिल्यांदा असं लिहिलं गेलंय, मावशी. आता कोर्टात उभं राहता येईल. फक्त तुमच्यासाठी नाही, पुढच्या सगळ्या गावांसाठी." इलारियोनं पुस्तक हातात घेतलं, त्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं. त्यानं रोसेंदाला वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. ‘सान तेल्मोसारख्या वस्त्यांचे नियोजित स्थलांतर.’

"सारख्या," इलारियो म्हणाला, आणि पुस्तक परत दिलं.

जूनमध्ये वीजवाले आले. त्यांनी पडलेले खांब मोजले नाहीत, तारा गुंडाळून गाडीत घातल्या. गावप्रमुखानं विचारलं तर म्हणाले, स्थलांतराच्या यादीतल्या गावाला नवे खांब नाहीत, वरून आलंय. ऑगस्टमध्ये मास्तरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आब्रिलनं पत्रांवर पत्रं लिहिली. परिषदेत ती उभी राहून भांडली, ते गावानंही मास्तर जाण्याआधी त्यांच्या फोनवर ऐकलं होतं. ‘माणसं अजून तिथं राहतायत,’ असं ती सांगत होती. तिचाही आवाज लाल दिव्यानं मध्येच तोडला.

शेडमध्ये बायका कालवं फोडायला बसायच्या. बर्फ मिळेना झाला तसा व्यापारी भाव पाडायला लागला. पूर्वी रोसेंदा त्याच्याशी भांडायची आणि बायका मागून साथ द्यायच्या. आता ती बोलायला लागली की त्या माना खाली घालून फोडत राहायच्या. एकदा व्यापारीच हसून म्हणाला, "तुमची पुढारीण तुम्हाला न विचारता बोलते वाटतं?" कोणी हसलं नाही, पण कोणी त्याला गप्पही केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोसेंदा टोकाला बसू लागली.

त्याच काळात कामाच्या शोधात बाहेर गेलेला नेरेदाचा नवरा तिला न्यायला आला. त्याला कार्मेन शहरात काम लागलं होतं, बोटी रंगवायचं. "नवीन घरं मिळणार आहेत," रोसेंदा म्हणाली. "तुझ्यासाठीच तर..." ती थांबली.

"कधी मिळणार, आई?" नेरेदा म्हणाली. "ही चालायला लागलीय. पाण्याकडेच धावते." लेकराला घेऊन ती होडीत बसली. इलारियोनंच त्यांना पलीकडे सोडलं.

घरं मिळाली ती आणखी दोन वादळी हिवाळ्यांनंतर. खाडीपासून सोळा किलोमीटर आत, पूर्वी गुरांची कुरणं होती तिथं. बावन्न घरं, दोन-दोन खोल्या, पत्रे. तोवर गावात एकेचाळीसच कुटुंबं उरली होती. स्मशानातल्या समुद्राकडच्या दोन रांगा गेल्या होत्या. निघण्याआधी इलारियोनं आईचा क्रॉस उपटायचा प्रयत्न केला. दुखऱ्या खांद्यामुळे त्याला तो हलवेना. एरास्मोनं येऊन फावड्यानं मोकळा केला, खांद्यावर घेतला आणि ट्रकपर्यंत आणून दिला. होडी एरास्मोच्या मेव्हण्याला बाजारगावी दिली, कारण कुरणात होडी नेऊन काय करणार.

ट्रकपाशी एक कारकून यादी करत होता. नाव, वय, धंदा.

"कालवं काढतो," इलारियो म्हणाला.

कारकुनानं वर पाहिलं. चांगला मुलगा होता, आवाजात मस्करी नव्हती. "आता इथून पुढं कुठं काढणार, काका? इथं काहीतरी लिहावं लागतं. मजूर लिहितो."

इलारियोनं लिहू दिलं.

नव्या गावाचं नाव ‘नवं सान तेल्मो’ ठेवलं. समुद्राचा आवाज नव्हता, आणि पहिले कित्येक दिवस लोकांना त्यामुळे झोप लागेना. नळ होते, नळात पाणी नव्हतं. एक दिवसाआड टँकर यायचा आणि बायका पहाटेपासून बादल्या मांडून उभ्या राहायच्या. रोसेंदाची बादली दर वेळी मागे सरकायची. कोणी सरकवताना दिसायचं नाही. ती मान वळवायची आणि पुन्हा पाहायची तेव्हा तिच्यापुढे दोन बादल्या जास्त असायच्या. शेवटाला तळाचं गढूळ पाणी मिळायचं. ती फडक्यानं गाळायची.

पुरुष कुरणात कोयत्यानं गवत कापायला जायचे. ज्यांनी जन्मभर पायाखाली पाणी बघितलं होतं, त्यांच्या तळव्यांना काटे टोचायचे. इलारियो डाव्या हातानं कोयता चालवायला शिकला. दिवसाअखेरीस त्याचं कापलेलं गवत इतरांच्या निम्मंही नसायचं. एरास्मो आपल्या ढिगातलं थोडं न बोलता त्याच्या ढिगात ढकलायचा. दुपारी भाकरी खायला दोघं एकाच झाडाखाली बसायचे, एक पुढे तोंड करून, एक मागे. सवयच होती तशी.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आब्रिल आली. तिच्याबरोबर संस्थेची दोन नवी माणसं होती. ती थकलेली दिसत होती. कोपऱ्यावरच्या मंडपात लोक जमले. आब्रिल सांगू लागली. परिषद आढावा घेणार आहे, स्थलांतराचं हे पहिलं काम, त्यात काय चुकलं ते पुन्हा लिहायला मिळणार आहे. वर किनाऱ्याला अजून नऊ गावं यादीत आहेत. "तिकडे पाण्याची, कामाची व्यवस्था आधी व्हावी असं लिहून घ्यायचंय," ती म्हणाली. "त्यासाठी इथून कोणीतरी येऊन बोलायला हवं. जे झालं ते, जसं झालं तसं."

ती हे बोलताना तिनं नकळत रोसेंदाकडे पाहिलं. ते सगळ्यांना दिसलं.

ओदिलिया उठली. "हिला न्यायला आलीस ना? ने. एकदा नेलीस तेव्हा गाव गेलं. आता काय राहिलंय? बादल्या? त्या पण देऊन टाकेल ती."

"ओदिलिया, खाली बस," गावप्रमुख म्हणाला.

"का बसू? तीन वर्षं बसले. आम्ही सगळ्यांनी हात वर केले होते. दगड, असं ठरलं होतं. एक बाई गेली आणि तिला वाटलं म्हणून दुसरं बोलून आली. तिच्या लेकीसाठी बोलली. आणि लेक तरी कुठाय?"

आब्रिल म्हणाली, "चूक माझी आहे. मी त्या सकाळी—"

"तू थांब, पोरी," इलारियो म्हणाला.

तो मागे खांबाला टेकून उभा होता, तिथून पुढे आला. सावकाश आला. "हिला मीच सांगितलं होतं," तो म्हणाला.

"काय सांगितलं होतं?"

"धक्क्यावर. ही बस धरायला निघाली तेव्हा. म्हटलं, दगडबिगड सोड, जमीन माग. ही नाही म्हणत होती. गावानं ठरवलंय म्हणत होती. मी म्हटलं, नवऱ्याचं ऐकायचं का गावाचं."

रोसेंदानं त्याच्याकडे पाहिलं. धक्क्यावर त्यानं तिला फक्त ‘स्वेटर घेतलास का’ एवढंच विचारलं होतं.

एरास्मो हळूहळू उठला. "तूच सभेत दगड म्हणालास. माझ्या शेजारून उठून म्हणालास. आईचं नाव घेऊन."

"म्हणालो."

"मग?"

"माणसांत एक बोललो, घरात एक बोललो. माझा खांदा गेला होता, एरास्मो. तुला दिसत होतं. चिमटा ओढता येत नव्हता. मला ती खाडी बघवत नव्हती. म्हटलं, सगळेच निघाले तर माझं एकट्याचं दिसणार नाही."

एरास्मो बाजूला थुंकला, त्यानं टोपी घातली आणि तो मंडपातून निघून गेला. ओदिलिया उभीच होती. तिला बसावं की जावं कळेना. ती बसली. तिनं रोसेंदाकडे पाहिलं, मग इलारियोकडे, आणि मग आपल्या हातांकडे.

सभा तिथंच मोडली. कोण जाणार ते ठरलं नाही. आब्रिल रोसेंदाजवळ आली, पण रोसेंदानं मान हलवली. "दुसरं कोणी बघ," ती म्हणाली. "ओदिलियाला विचार. तिला बोलता येतं."

दोघं घराकडे चालू लागली. ऊन उतरलं होतं. रस्ता मुरमाचा होता. अर्ध्या वाटेवर रोसेंदा थांबली.

"तुम्ही असलं काही म्हणाला नव्हतात."

"नव्हतो."

"मग खोटं का बोललात? तीस वर्षांचा सोबती तुमचा. आता तो तुमच्याशी बोलायचा नाही."

इलारियो चालत राहिला, ती मागून गेली. "होडी आहे का आता?" तो म्हणाला. "त्याच्याशी बोललो काय, नाही बोललो काय. मला कुठं जायचंय कोणाबरोबर. तुला त्या रांगेत उभं राहायचंय."

तिला काहीतरी म्हणायचं होतं. त्या खानावळीतलं, लेकराच्या नाकाखाली धरलेल्या बोटाचं, सगळं. पण त्यानं तिच्या दंडाला धरून रस्त्यातल्या खड्ड्याच्या कडेनं वळवलं, उजव्या हातानं, आणि लगेच हात सोडला. दुखला असावा. ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे टँकर आला. रोसेंदा नेहमीप्रमाणे शेवटी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं पुढून ओदिलियाचा आवाज आला. "रोसेंदा, तुझी बादली इकडे आण. काल तुझा नंबर माझ्यामागे होता." काल टँकर आलाच नव्हता. रोसेंदा बादली घेऊन पुढे गेली. बायकांनी जागा दिली. एकीनं सांडू नये म्हणून बादलीच्या तोंडाला हात लावला.

भरलेली बादली घेऊन ती घराच्या कोपऱ्यावर आली तेव्हा इलारियो कोयता घेऊन अंगणात उभा होता. रस्त्यावरून एरास्मो कुरणाकडे चालला होता. इलारियोनं हात वर केला. एरास्मोनं पाहिलं, आणि न थांबता पुढे गेला. इलारियोचा हात तसाच थोडा वेळ वर राहिला. मग त्यानं तो खाली घेतला, कोयता काखेत धरला, आणि एरास्मो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत थांबून, एकटाच निघाला.